पावतीवरचे पन्नास नवे पैसे

प्रश्न : आबा, चवथीच्या साफसफाईत माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांची पोथी मिळाली आणि पोथीच्या रुमालात एक तांबूस पावती. वर 'लाल निशाण गट', खाली 'वर्गणी ५० न. पै.'. तारखेची जागा वाळवीनं खाल्लीय. आजोबा परळला गिरणीत होते. बाबा म्हणतात, कम्युनिस्ट पक्ष फुटून मार्क्सवादी पक्ष झाला, त्या भानगडीतलंच हे एक पिल्लू असणार. खरं का? आणि हे लोक फुटले ते नेमके कशावरून? – एक वाचक, फोंडा

उत्तर : बाय, बाबांना खोटं पाडायला ती पावतीच पुरे. नवा पैसा १ एप्रिल १९५७ ला आला आणि १ जून १९६४ ला त्यातला 'नवा' गळाला. कम्युनिस्ट पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेतून ३२ जण उठून गेले ते एप्रिल १९६४ मध्ये, आणि मार्क्सवादी पक्ष उभा राहिला तो त्या वर्षाच्या अखेरीला. म्हणजे पावती बहुतेक त्याआधीची. जुनी पावतीपुस्तकं संपेपर्यंत फाडायची खोड सगळ्याच संघटनांना असते, हे मान्य. पण ते सोडलं तरी लाल निशाणची फूट १९४२ ची आहे. आजोबांच्या गटाला १९६४ च्या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं.

जून १९४१ मध्ये हिटलर रशियावर चालून गेला. तोवर 'हे साम्राज्यवाद्यांचं युद्ध, एक पै देऊ नका, एक माणूस देऊ नका' म्हणणाऱ्या कम्युनिस्ट पक्षानं वर्ष संपता संपता भूमिका फिरवली. आता हे लोकयुद्ध. रशिया वाचला पाहिजे, म्हणून इंग्रजांच्या युद्धकार्यात मोडता घालायचा नाही. पक्षावर १९३४ पासून बंदी होती, ती जुलै १९४२ मध्ये उठली. आणि लगेच ८ ऑगस्टला गवालिया टँकवर 'चले जाव'चा ठराव झाला. आठ वर्षं लपूनछपून काम केलेला कार्यकर्ता उजळ माथ्यानं गिरणीच्या गेटावर उभा राहिला, तर तोंडी द्यायला घोषणा कोणती? उत्पादन चालू ठेवा! गावात पोरं तारा तोडताहेत, तुरुंग भरताहेत आणि आपण कामगाराला सांगायचं, संप नको.

महाराष्ट्रातल्या काही जणांच्या गळी हे उतरलं नाही. ते बाहेर पडले आणि त्यांनी 'नवजीवन संघटना' काढली. एस. के. लिमये आणि यशवंत चव्हाण ही त्यातली मोठी नावं. पुढे दत्ता देशमुखांचं नाव सर्वांत जास्त लोकांपर्यंत गेलं. मला यात विशेष वाटतं ते हे की, ही माणसं रागावून काँग्रेसमध्ये गेली नाहीत की समाजवाद्यांत शिरली नाहीत. मार्क्स आपलाच, लाल झेंडाही आपलाच. चुकला तो पक्षाचा हिशोब, असं त्यांचं म्हणणं. तुझ्या पावतीवर 'पक्ष' नसून 'गट' आहे, त्याचं कारण मी तरी हेच समजतो. वेगळं दुकान थाटल्याची पाटी लावायला त्यांचा हात लगेच धजला नसावा.

त्या यशवंत चव्हाणांनी मला एकदा चांगलाच घाम फोडलाय. त्यांना मात्र त्याचा पत्ताही नसेल. १९८२ च्या गिरणी संपाच्या वेळी मी लालबागला एका ट्रेडल छापखान्यात कंपोझिटर, म्हणजे शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा होतो. संपात लाल निशाणवाले संपाचे पुढारी दत्ता सामंत यांच्या बाजूनं, त्यामुळे त्यांचीही हँडबिलं आमच्याकडे यायची. एका रात्री झोपेत मी जुळवलं : 'कॉ. यशवंतराव चव्हाण'. प्रूफ बघायला आलेला युनियनचा म्हातारा बराच वेळ कागदाकडेच बघत राहिला. मग म्हणाला, "हे दिल्लीतले साहेब कॉम्रेड कधी झाले?" र, काना, व – तीन खिळे चिमट्यानं उपटले. पण तीन खिळे काढले की ओळ सैल पडते; उचलली तर सगळी गॅलीत सांडेल. स्पेस भरत बसलो. म्हातारा शेजारी स्टुलावर बसून विडी ओढत होता. मी विचारलं, तुम्ही मोठ्या पक्षात का नाही? म्हणाला, "बेचाळीसला माझा थोरला भाऊ येरवड्यात होता. सुटून आल्यावर त्याला काय सांगू? तू आत होतास, तेव्हा मी साच्यावर जास्त कापड काढत होतो?"

एवढंच बोलला. फुटीवरची जाडजूड पुस्तकं मी नंतर वाचली, पण मला ती अजून त्या विडीवाल्याच्याच तोंडून कळते.

पुढचं थोडक्यात. ही मंडळी शेतकरी कामगार पक्षात गेली, तिथून निघाली, १९५२ च्या निवडणुकीत कामगार किसान पक्ष म्हणून उभी राहिली. मग संयुक्त महाराष्ट्र समितीत हीच मंडळी लाल निशाण म्हणून होती. तुझ्या पावतीचा काळ साधारण तोच. समितीत त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर कोण, तर तोच कम्युनिस्ट पक्ष, ज्याला सोडून ते आले होते! १९८८ मध्ये रशियातल्या गोर्बाचेव्हच्या धोरणांवरून लाल निशाणही फुटलं आणि 'लेनिनवादी' वेगळे निघाले. रशियावरून जन्मलेली फूट पुन्हा रशियावरूनच फुटली. मूळ लाल निशाण २०१७ मध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्षात विलीन झालं. पंचाहत्तर वर्षांनी घरी, म्हण.

प्रश्न : मग गोव्यात लाल निशाण होतं का? – तीच वाचक

उत्तर : इथल्या खाणींत आणि मुरगाव बंदरात लाल बावटा म्हटला की आयटक, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाची कामगार संघटनाच आठवते. आणि १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज राज्यात कसला पक्ष नि कसली पावती? तसला कागद खिशात सापडला असता, तर आजोबा घरी न पोचता सरळ कोठडीत. म्हणून माझा तर्क असा की, पावती मुक्तीनंतर मुंबईहून आली. पोथीत का ठेवली, ते तुझ्या आजीलाच ठाऊक. आमच्या पेडण्यात असे दोन-तीन कॉम्रेड मी पाहिलेत. एकादशी चुकवायचे नाहीत आणि मे दिनही.

पावती लॅमिनेट करू नकोस, सेलोटेप तर अजिबात नको. बटर पेपरात सपाट ठेव. आणि भिंग घेऊन खालची कड बघ, बारीक खिळ्यांत मुद्रकाचं नाव असतं. वाळवीनं तेवढं सोडलं असेल, तर मला नक्की कळव.