चष्मेवाला आपला की लंकेचा?

प्रश्न: आमच्या कोथरूडच्या गॅलरीसमोर शेवगा आहे, त्यावर चष्मेवाले पक्षी रोज येतात. मे महिन्यात श्रीलंकेतल्या नुवारा एलिया या डोंगरी गावाला गेलो तर तिथेही तसाच पक्षी, पण जरा काळपट हिरवा वाटला. तोच का?

उत्तर: छान निरीक्षण केलंत! तुम्हाला दिसला तो बहुतेक श्रीलंकेचा चष्मेवाला, तो फक्त त्याच बेटावर सापडतो आणि मुख्यतः डोंगराळ भागात राहतो, तिथल्या हॉर्टन प्लेन्स या उंचावरच्या राष्ट्रीय उद्यानात तर अगदी सहज दिसतो. गंमत म्हणजे आपलावाला पण लंकेत आहे, त्यामुळे नुसतं ठिकाण बघून ठरवू नका, रंग बघा. आपल्याची पाठ पिवळसर हिरवी, उजळ, आणि लंकेच्या चष्मेवाल्याची गडद हिरवी, शिवाय तो थोडा मोठा आणि चोचीनेही दणकट. डोळ्याभोवतीचं पांढरं कडं मात्र दोघांनाही असतं, ते म्हणजे बारीक पिसंच. फोटो असेल तर सावलीतला नको, उन्हातला बघा, सावलीत आपलावालाही काळपटच दिसतो.

आणि शेवगा फुलावर असताना छाटू नका हो, प्लीज. फुलातला मध आणि पानांमागचे बारीक किडे, दोन्हीसाठी येतात ते, आणि फांदीच्या बेचक्यात कोळ्याच्या जाळ्याने बांधलेलं वाटीएवढं घरटंही असू शकतं.