स्नो आणि हेमिच : ‘हंगर गेम्स’च्या दोन पूर्वकथा वाचाव्यात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : सुझॅन कॉलिन्सची ‘हंगर गेम्स’ची (कॅपिटॉल ही राजधानी दरवर्षी डिस्ट्रिक्ट म्हणजे अंकित जिल्ह्यांतली मुलं रिंगणात एकमेकांना मारायला उतरवते, त्या खेळांची) मूळ तीन पुस्तकं वाचून झाली आहेत, आता मागच्या काळात जाणारी दोन पुस्तकं घ्यावीत की नाही? वाचकांची मतं दोन टोकांना आहेत. एकाला स्नोवरचं, म्हणजे मूळ पुस्तकांतल्या क्रूर राष्ट्राध्यक्षावरचं, पुस्तक अख्ख्या मालिकेत उजवं वाटतं, तर दुसऱ्याने ते शंभर पानांत मिटून ठेवलेलं असतं. आणि तुमची खरी अडचण ही, की तीन पुस्तकं ज्याचा तिटकारा केला त्या माणसाची कणव यावी म्हणून पाचशे पानं कशाला वाचायची?

दोन्ही वाचा, आणि ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने वाचा. कणव येईल या भीतीने स्नोचं पुस्तक तर अजिबात टाळू नका. का, ते जरा सविस्तर लिहिते. चौथ्या परिच्छेदापासून पुढे दोन्ही पुस्तकांतलं बरंच काही उघड होणार आहे. ते नको असेल तर इथेच थांबून आधी पुस्तकं वाचून घ्या.

मतं इतकी टोकाची का, हे आधी बघायला हवं. मूळ पुस्तकं २००८ ते २०१० मध्ये आली. त्यानंतर दहा वर्षं वाचकांच्या मनात पूर्वकथेची एक यादी तयार होत होती. कुणाला नायिका कॅटनिसचा मार्गदर्शक हेमिच हवा होता, कुणाला जुने विजेते फिनिक किंवा मॅग्ज. २०२० च्या सुरुवातीला कळलं की नवं पुस्तक १८ वर्षांच्या कोरिओलेनस स्नोचं आहे, आणि तिथेच अनेकांचा विरस झाला. ‘द बॅलड ऑफ साँगबर्ड्स अँड स्नेक्स’ मे २०२० मध्ये आलं तेव्हा बऱ्याच जणांनी ते रागातच उघडलं होतं. त्या काळात दिलेली कमी मानांकनं वाचताना एवढं लक्षात ठेवा, की त्यातली कितीतरी मतं हातात नसलेल्या दुसऱ्याच पुस्तकाविषयी आहेत.

आता मुख्य मुद्दा. पूर्वकथेत शेवट आधीच माहीत असतो. स्नो राष्ट्राध्यक्ष होणार, गेम्स आणखी ६५ वर्षं चालू राहणार, हे पहिल्या पानाआधीच ठरलेलं आहे. त्यामुळे ‘पुढे काय होणार’ या उत्सुकतेवर असं पुस्तक उभं राहत नाही. ते एकाच गोष्टीवर तोलावं असं मला वाटतं : ते वाचल्यावर मूळ पुस्तकातलं आपल्याला पक्कं माहीत असलेलं काही बदलतं का? माहितीची भर घालणं वेगळं आणि आधीची माहिती हलवणं वेगळं. जेम्स डॅशनरच्या ‘मेझ रनर’ मालिकेतलं ‘द किल ऑर्डर’ (२०१२) हे पहिल्या प्रकारचं. साथ कशी सुरू झाली ते कळतं, पण जवळजवळ सगळी पात्रं नवी, मूळ नायक थॉमस जेमतेम भेटतो, आणि मूळ पुस्तकं होती तिथेच राहतात. कॉलिन्सची दोन्ही पुस्तकं दुसऱ्या प्रकारची आहेत.

स्नोच्या पुस्तकातली सर्वांत मोठी निवड निवेदनाची आहे. मूळ तिन्ही पुस्तकं कॅटनिस स्वतः, वर्तमानकाळात सांगते. इथे निवेदन तृतीयपुरुषी आहे, पण कॅमेरा कायम स्नोच्या डोक्यात. लेखिका त्याची बाजू घेत नाही, तो स्वतःची बाजू स्वतःलाच कशी पटवतो ते ऐकवत राहते. सुरुवातीला खरंच वाईट वाटतं. एकेकाळचं बडं घराणं, आता घरात उकडलेल्या कोबीचा वास, आणि चुलत बहीण टायग्रिस मोलकरणीच्या न्हाणीघरातल्या फरशीच्या तुकड्यांची बटणं करून त्याचा जुना सदरा सजवते. हा मुलगा उपाशी आहे आणि उपाशी आहे हे कुणाला कळू नये म्हणून धडपडतोय. कोण त्याच्या बाजूने होणार नाही? पण पानं पुढे सरकतात तसं त्याचं गणित दिसायला लागतं. प्रत्येक माणूस त्याला आपल्या उपयोगाचा किंवा आपल्या वाटेत आलेला, एवढाच दिसतो. लूसी ग्रे बेअर्ड, म्हणजे डिस्ट्रिक्ट १२ ची ट्रिब्यूट (गेम्समधली स्पर्धक), जिचा तो मेंटॉर (मार्गदर्शक) आहे, तिच्यावर त्याचं प्रेम आहे असं त्याला मनापासून वाटतं. पण त्या प्रेमाची भाषा पहिल्यापासून मालकीची आहे. ती दुसऱ्या कुणासाठी कधीतरी गायली होती एवढ्यानेच त्याचा तोल जातो.

सेजेनस प्लिंथचा प्रसंग नीट वाचा. स्नोचा वर्गमित्र सेजेनस त्याला भाऊ मानतो, आपली योजना विश्वासाने सांगतो, आणि स्नो ऐकलेलं जसंच्या तसं सांगणाऱ्या जॅबरजे पक्ष्याकडून ते बोलणं टिपून कॅपिटॉलला जाऊ देतो. नंतर तो स्वतःची समजूत घालत राहतो : गेम्सच्या प्रमुख डॉ. गॉल कदाचित ते ऐकणारच नाहीत, ऐकलं तरी सेजेनसचा श्रीमंत बाप त्याला सोडवेल. सेजेनस फासावर जातो. स्नोला अपराधी वाटतं, रडूही येतं, आणि प्लिंथांच्या पैशांचा वारस मात्र शेवटी तोच होतो.

शिखर आहे ते शेवटच्या पळून जाण्याच्या प्रकरणात. जंगलातून जाताना बोलता बोलता तो म्हणून जातो की तीन माणसं मारून झाली, एवढं पुरे. लूसी ग्रेला दोनच माहीत आहेत. ती साधेपणाने विचारते, तिसरा कोण? तो काहीतरी सारवासारव करतो. पुढे तळ्याकाठच्या झोपडीत ती रानातली मुळं खणायला म्हणून बाहेर पडते आणि परतत नाही. यानंतरच्या पानांत लूसी ग्रे आपल्याला दिसतच नाही, दिसतो तो फक्त स्नोचा संशय वाढत जाताना. तिने सापाचा सापळा लावला का? गोळी तिला लागली का? पुस्तक सांगत नाही. हा शेवट अर्धवट वाटला अशी तक्रार खूप वाचकांची आहे. मला तो याच पुस्तकाला शोभणारा एकमेव शेवट वाटतो, कारण आपण स्नोच्या डोक्यात कोंडलेले आहोत आणि त्याला तिचं मन कधीच कळलेलं नव्हतं. आता मूळ पुस्तकांकडे वळून बघा. म्हाताऱ्या राष्ट्राध्यक्षाला डिस्ट्रिक्ट १२ मधून आलेली, गाणारी, मॉकिंगजे पक्ष्याची पिन लावणारी एक मुलगी पडद्यावर दिसते. त्याच्या रागात एवढं वैयक्तिक काहीतरी का होतं, हा धागा आपल्याला तेव्हा ठाऊक नव्हता. मूळ पुस्तक हलतं म्हणते ते असं.

तुमच्या कणवेच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. स्नो परिस्थितीने बिघडला असं पुस्तक म्हणत नाही. त्याच घरात, तेवढ्याच उपासमारीत टायग्रिस वाढली आहे, आणि ती तशी होत नाही. सेजेनससमोर सगळी सुखं वाढून ठेवलेली असताना तो त्यांच्यावर पाणी सोडतो. स्नोसमोर प्रत्येक वळणावर दुसरा रस्ता असतो, आणि तो कुठला निवडतो हे आपण अगदी जवळून बघतो.

तक्रारींपैकी काही मला मान्य आहेत. चोवीस मेंटॉर आणि चोवीस ट्रिब्यूट यांची नावं पहिल्या भागात अंगावर कोसळतात आणि बरीचशी लक्षात राहत नाहीत. गाणी फार आहेत, आणि चाल कानात नसताना कडव्यामागून कडवी वाचणं जड जातं. ‘हँगिंग ट्री’ हे गाणं नेमकं कुठून आलं ते इतकं उलगडून सांगायला नको होतं. मूळ पुस्तकात त्या गाण्याचं गूढच त्याची ताकद होती. पण गेम्स संपल्यावर पुस्तक रेंगाळतं, ही तक्रार मला पटत नाही. दहावे गेम्स मुद्दामच ओबडधोबड आहेत : पडकं रिंगण, प्राणिसंग्रहालयात माकडांच्या पिंजऱ्यात ठेवलेली मुलं, रिंगणात उतरण्याआधीच गेलेले जीव. पुस्तकाचा खरा विषय तिसऱ्या भागात आहे, जिथे स्नो शांतिरक्षक म्हणून डिस्ट्रिक्ट १२ मध्ये येतो आणि कॅपिटॉलचं संरक्षण निघून गेल्यावर उरलेला माणूस कसा आहे ते दिसतं.

सिनेमा (२०२३) आधी बघितला असेल तर सांगून ठेवते : डोक्यातला आवाज पडद्यावर येत नाही. त्यामुळे सिनेमातला स्नो बराच लोभस वाटतो आणि त्याचं वळण अचानक आल्यासारखं वाटतं. ‘स्नो मला आवडला’ म्हणणाऱ्या अनेकांनी फक्त सिनेमा पाहिलेला असतो.

दुसरं पुस्तक, ‘सनराइज ऑन द रीपिंग’, मार्च २०२५ मध्ये आलं. पन्नासावे गेम्स, दुप्पट म्हणजे ४८ ट्रिब्यूट, आणि १६ वर्षांचा हेमिच. याचं स्वागत बरंच प्रेमाने झालं, कारण ते वाचकांच्या यादीतलंच होतं. यावरचा मोठा आक्षेप ओळखीच्या चेहऱ्यांचा आहे : बीटी, मॅग्ज, वायरेस, प्लुटार्क, एफी, शिवाय कॅटनिसचे आईवडील. एफी नसती तरी चाललं असतं असं मलाही वाटतं. बीटी मात्र हवाच, कारण त्याला शिक्षा म्हणून त्याच्या मुलालाच रिंगणात ढकललंय आणि तो सगळा भाग काळीज पिळवटतो. दुसरा आक्षेप असा, की मूळ मालिकेतल्या दुसऱ्या पुस्तकात, ‘कॅचिंग फायर’मध्ये, कॅटनिस आणि तिचा सहस्पर्धक पीटा हेमिचच्या गेम्सची टेप बघतात तिच्याशी हे जुळत नाही. तो आक्षेप वाचला की मला वाटतं, पुस्तकाचा गाभाच हातातून निसटला. जुळत नाही हेच तर सांगायचंय!

रीपिंगच्याच, म्हणजे ट्रिब्यूटची नावं चिठ्ठीने काढण्याच्या, दिवसाचं बघा. ज्या मुलाचं नाव खरं निघतं तो पळतो आणि गोळीला बळी पडतो. हेमिच आपल्या मैत्रिणीला वाचवायला मध्ये पडतो, म्हणून त्याच्या जागी त्याला उभं केलं जातं. मग कॅमेऱ्यासाठी सगळं पुन्हा घडवलं जातं, जणू चिठ्ठी त्याच्याच नावाची निघाली. पुढे संचलनात एक मुलगी मरते, तर तिच्या जागी तिच्यासारखी दिसणारी दुसरी मुलगी तिच्याच नावाने आणून ठेवतात. कॅटनिसने पाहिली ती टेप अशी कापून-जोडून केलेली होती, आणि आपण वाचकांनीही ती पंधरा-सोळा वर्षं खरी मानली. पुस्तकाच्या सुरुवातीला डेव्हिड ह्यूम आणि जॉर्ज ऑर्वेल यांची अवतरणं आहेत ती उगीच नाहीत. शेवटाकडे कवितेच्या ओळी फार वेळा येतात आणि दुःखाचा वेग अडतो, एवढी माझी तक्रार आहे.

१३ वर्षांच्या पुतणीला द्यावीत का, हेही तुम्ही विचारलंय. मूळ तीन तिने वाचली असतील तर हेमिचचं पुस्तक तिला झेपेल, पण ते वाचताना आसपास कुणी बोलायला असू द्या. यातले मृत्यू मूळ पुस्तकांहून जास्त लागतात. स्नोचं पुस्तक दोन-तीन वर्षांनी द्या. त्यात रक्तपात जास्त आहे म्हणून नाही. निवेदनातला आवाज खोटं बोलतोय हे ओळखायला थोडी वाचनाची सवय लागते, आणि ती नसेल तर स्नो खरोखरच नायक वाटू शकतो.

स्नोचं पुस्तक आधी घेतलंत तर पहिली शंभर पानं नेटाने काढा, नावं लक्षात ठेवायच्या फंदात पडू नका. आणि हेमिचचं संपल्यावर ‘कॅचिंग फायर’मधला तो टेपचा भाग लगेच पुन्हा काढून वाचा. एका बैठकीत होतो.