रात्री खोलीत शूट केलं की चेहरा दाणेदार येतो आणि पात्र हललं की फोकस जातो. नवा कॅमेरा घ्यावा का?

नका घेऊ. एपीएस-सी (मध्यम आकाराचा) सेन्सर, ५० मिमी लेन्स, एफ/१.८ (लेन्सचं तोंड किती उघडं ते; आकडा लहान तितकं तोंड मोठं), ऑटोफोकस आणि उजेड फक्त भिंतीवरच्या ट्यूबचा, असं तुम्ही लिहिलंय. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे: चेहऱ्यावर उजेड कमी पडतोय.

एफ/१.८ वर, पात्र दोन मीटरवर असेल तर फोकसची खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढा भाग स्पष्ट दिसतो तो, जेमतेम ११ सेंटिमीटर मिळते. बोलताना माणूस जरा पुढे झुकला की डोळे फोकसबाहेर गेले. एफ/४ वर तीच खोली साधारण २४ सेंटिमीटर होते, पण त्यासाठी उजेड पाचपट लागतो. ट्यूबऐवजी छोटा एलईडी पॅनेल वापरा; तो दोन मीटरवरून एक मीटरवर आणलात तर चौपट उजेड तिथेच मिळाला. म्हणून दिवा फ्रेमच्या अगदी कडेपर्यंत आणा. मागचं सगळं धूसर करायच्या नादात एफ/१.८ ला चिकटून राहू नका.

ट्यूब बंद करा. वरच्या उजेडाने डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. पॅनेल चेहऱ्याच्या एका बाजूला ४५ अंशांवर, डोळ्यांपेक्षा थोडा वर ठेवा आणि फूटभर पुढे मोठा बटर पेपर ताणून लावा. (हॅलोजन असेल तर अंतर बरंच वाढवा, कागद पेटतो.) दुसऱ्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट धरा. सावली फार हलकी झाली तर शीट मागे न्या. पात्राला भिंतीपासून पाच-सहा फूट पुढे आणा, म्हणजे सावली भिंतीवर उमटत नाही.

सेकंदाला २५ फ्रेम, शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड मिळण्याचा वेळ) १/५० सेकंद. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे १/६० वर बऱ्याच दिव्यांखाली पट्टे सरकताना दिसतात. व्हाइट बॅलन्स (दिव्याच्या रंगानुसार चित्राचे रंग जुळवणारी सेटिंग) ऑटोवर अजिबात नको, शॉटमध्येच रंग बदलतो.

आता फोकस. कमी उजेडात ऑटोफोकस चाचपडत राहतो, तेव्हा मॅन्युअल करा. पात्र जिथे थांबणार तिथे चपलेच्या टोकाशी टेप लावा, त्याला तिथे उभं करून स्क्रीनवरचं चित्र मोठं करा आणि डोळ्यावर फोकस घ्या. पीकिंगवर (फोकसमधल्या कडा स्क्रीनवर रंगवून दाखवणारी सोय) एकट्यावर विसंबू नका, शर्टाच्या चौकटीही ते चमकवून दाखवतं. लेन्सच्या रिंगवर प्रत्येक जागेची खूण करा आणि रिंग फिरवायला एक माणूस वेगळा ठेवा. पात्राने पाऊल उचललं की त्या माणसाने रिंग फिरवायला घ्यायची. पात्र पोचल्यावर फिरवली तर उशीर झाला.

एक अडचण येईल. मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांच्या बऱ्याच लेन्सची रिंग इलेक्ट्रॉनिक असते. ती वेगाने फिरवली तर फोकस जास्त सरकतो, हळू फिरवली तर कमी, म्हणून खुणा चुकतात. मेन्यूत ‘लिनियर’ पर्याय असेल तर निवडा. नसेल तर जुनी यांत्रिक रिंगची लेन्स अडॅप्टरवर (वेगळ्या बनावटीची लेन्स कॅमेऱ्याला जोडणारी कडी) लावा.