युद्धाचं बिल कोण भरतं?

प्रश्न : ‘युद्धांतूनच राष्ट्रं घडतात, शांततेत ती सुस्तावतात’ असं एका व्याख्यानात ऐकलं. यात तथ्य किती?

उत्तर : अर्धंच. युद्धाला पैसा लागतो आणि तो ताबडतोब लागतो. १६९४ मध्ये फ्रान्सशी लढताना इंग्लंडच्या सरकारची तिजोरी रिकामी होती. धनिकांनी १२ लाख पौंड आठ टक्के व्याजानं दिले आणि बदल्यात बँक काढायची सनद घेतली. तीच बँक ऑफ इंग्लंड. त्यांनी पैसे सोडले, कारण व्याजापोटी ठरावीक करांचं उत्पन्न संसदेनं कायद्यानं बांधून दिलं होतं. नुसत्या राजाच्या शब्दावर एवढी रक्कम कुणी दिली असती असं वाटत नाही. पुढे पुन्हा फ्रान्सशीच जुंपली आणि १७९९ मध्ये आयकर आला. युद्ध संपल्यावर १८१६ मध्ये लोकांनी तो रद्द करायला लावला. १८४२ मध्ये ऐन शांततेत तो परत आला आणि मुक्कामालाच राहिला.

आता स्पेन पाहा. सोळाव्या शतकात त्याच्याइतका क्वचितच कुणी लढला असेल. पण अमेरिकेतून येणाऱ्या चांदीच्या भरवशावर राजा कर्ज काढत गेला आणि १५५७, १५७५, १५९६ असे वारंवार त्यानं सावकारांपुढे हात वर केले. दोघंही भरपूर लढले. फरक पडला तो पैसा कुणाकडून घेतला आणि त्या बदल्यात काय कबूल केलं, यामुळे. माझ्या मते सगळी मेख इथंच आहे.

प्रश्न : जर्मनी आणि जपान बेचिराख झाले, तरी वीस वर्षांत पुढे गेले. म्हणजे विध्वंस फायद्याचा ठरतो का?

उत्तर : इमारती पडल्या, पण इंजिनिअर, कारागीर आणि कारभार चालवता येणारी माणसं बरीच उरली होती. शिवाय बिल हलकं करून मिळालं. १९५३ च्या लंडन करारानं जर्मनीचं जुनं परकीय कर्ज जवळपास निम्म्यानं कमी केलं. युद्ध जिंकलेल्या ब्रिटनला मार्शल योजनेतून, म्हणजे युरोपच्या उभारणीसाठी अमेरिकेनं दिलेल्या पैशातून, पश्चिम जर्मनीच्या दुपटीहून अधिक मदत मिळाली, तरीही तिथं रेशनिंग १९५४ पर्यंत चाललं आणि १९४५ च्या अमेरिकी कर्जाचा शेवटचा हप्ता २००६ च्या अखेरीस फिटला.

जपानचं उदाहरण तर अवघडल्यासारखं करतं. जून १९५० मध्ये टोयोटा डबघाईला आली होती. कामगारांच्या संघर्षानंतर किइचिरो टोयोडांना अध्यक्षपद सोडावं लागलं. त्याच महिन्यात कोरियात युद्ध पेटलं आणि अमेरिकी लष्कराकडून ट्रकांच्या ऑर्डरी आल्या. युद्धानं भरभराट होते असं म्हणायचंच असेल, तर ते युद्ध दुसऱ्याच्या अंगणात चालू असावं लागतं!

प्रश्न : निदान विज्ञान तरी युद्धामुळेच पुढे जातं ना? पेनिसिलिन?

उत्तर : पेनिसिलिन फ्लेमिंगना सापडलं १९२८ मध्ये, शांततेत. दुसऱ्या महायुद्धानं ते प्रयोगशाळेतून मोठमोठ्या टाक्यांत नेलं. सरकारनं पैसा ओतला की वेग येतो. तो ओतायला शत्रूच लागतो, हे दुर्दैव.

प्रश्न : मग आफ्रिकेत इतकी युद्धं होऊनही भक्कम राष्ट्रं का उभी राहिली नाहीत?

उत्तर : अंगोलात १९७५ ते २००२ यादवी चालली. सरकारकडे तेल होतं, युनिटा या बंडखोर संघटनेकडे पुढे हिरे आले आणि शस्त्रं दोन्ही बाजूंना बाहेरून मिळत राहिली. ज्याला शेतकऱ्याकडून कर मागावा लागत नाही, त्याला शेतकऱ्याचं ऐकावंही लागत नाही.

पण एवढ्यानं कोडं सुटत नाही, कारण एरिट्रिया आहे. तिथल्या लढवय्यांनी इथिओपियाच्या सत्तेविरुद्ध तीस वर्षं बव्हंशी स्वतःच्या बळावर झुंज दिली. विमानांपासून वाचायला डोंगरांत दडवलेली रुग्णालयं चालवली, शाळा चालवल्या. १९९३ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा सगळ्यांच्या आशा उंचावल्या होत्या. १९९७ ची राज्यघटना मात्र अमलात आलीच नाही. राष्ट्रीय सेवा, म्हणजे सैन्यातली वगैरे सक्तीची नोकरी, कायद्यानं अठरा महिन्यांची. पण १९९८ ते २००० या काळात इथिओपियाशी युद्ध झालं आणि ती बेमुदत होऊन बसली. तरुण देश सोडून पळू लागले. शिस्त होती, त्यागही होता, पण राज्यकर्त्यांकडून बदल्यात काही वसूल करायची सोय जनतेकडे नव्हती.

प्रश्न : सैन्याशिवाय देश टिकतो का?

उत्तर : कोस्टा रिकात १९४८ च्या यादवीत जिंकलेल्या होसे फिगेरेस यांनीच सैन्य बरखास्त केलं आणि राजधानीतल्या बराकीत राष्ट्रीय संग्रहालय आलं. अर्थात अमेरिका खंडातल्या देशांच्या परस्पर संरक्षण कराराचा आधार होता, तो १९५५ मध्ये कामीही आला. आफ्रिकेतल्या बोट्स्वानानं १९६६ मध्ये स्वतंत्र झाल्यापासून अकरा वर्षं पोलिसांवरच निभावलं. याच काळात त्याच्या जमिनीतही हिरे सापडले आणि तो पैसा शाळा, रस्ते, दवाखान्यांकडे वळला. शेजारच्या ऱ्होडेशियातल्या (आजच्या झिम्बाब्वेतल्या) युद्धाची झळ सीमेवर बसू लागली, तेव्हा १९७७ मध्ये त्यानंही सैन्य उभारलं.