ती बाबाला कपाटात कोंडते

गोव्यातल्या फोंड्याकडची एक आई. नवरा बोटीवर, सात-आठ महिन्यांनी घरी येणारा. ती स्वतः कुंडईच्या एका कारखान्यात पाळीवर जाते, सहा वर्षांची मुलगी संध्याकाळी आजीजवळ असते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तक्रार अशी होती: "मॅडम, टॅबवर टोका बोका वर्ल्ड खेळते. त्यात जिंकायचं नाही, शिकायचं नाही, आणि ते संपतही नाही. बाबा म्हणून एक बाहुली केली आहे. रोज तिला कपाटात कोंडते."

यातली पहिली चिंता सल्ल्यासाठी आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक आईबापांची असते. हा खेळ मूळ स्टॉकहोमच्या कंपनीचा; 2016 पासून ती कॅनडाच्या स्पिन मास्टरकडे आहे. गुण नाहीत, पातळ्या नाहीत, हरणे नाही. घर, दुकान, दवाखाना आणि माणसे दिलेली, कोणाला कुठेही न्या. थोडक्यात भातुकली. भातुकलीतून मूल काय शिकते, असे आपल्या आज्यांना कोणी विचारले नव्हते.

तरी फरक आहेत, आणि ते जाहिरातीत सांगत नाहीत. अंगणातली करवंटी पातेले होते तेव्हा ते पातेले मुलाच्या डोक्यात शिजते. काठीचा घोडा करताना मूल वस्तूपासून अर्थ सोडवून घेते, हे व्हिगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले. पडद्यावर पातेले आधीच पातेले असते. दुसरे म्हणजे टॅबवरची सगळी पात्रे मुलाचे निमूट ऐकतात. शेजारची पोर "आज मी आई, तू पदेर (पाववाला)" म्हणून अडून बसते, तशी तिथे कोणी बसत नाही. ती भांडणे आणि तडजोडी हाच भातुकलीतला मोठा धडा. म्हणून असे ॲप भातुकलीच्या जोडीला चालते; तिच्या जागी आले की कमी पडते.

आता कपाट. आईला एकच काम दिले: मुलगी खेळत असताना बाजूच्या खोलीत दहा मिनिटे बसायचे, मान वळवायची नाही, फक्त ऐकायचे. पुढच्या वेळी ती आली ती वेगळाच चेहरा घेऊन. मुलगी म्हणत होती, "बाबा, जेवायला ये." मग बाहेर काढून भरवणे, आणि शेवटी, "चल, बोट सुटली." दार बंद. सगळ्यांनी पाहिले होते, ऐकले कोणी नव्हते.

प्रत्येक बंद दारामागे असे काही असते असे मात्र समजू नये. पुष्कळ मुले बाळाला कढईत टाकतात ते कढईतून आवाज येतो म्हणून. "का कोंडलंस?" हा प्रश्न टाळा, त्यात आरोप असतो आणि मूल खेळ लपवू लागते. "बाबा आत गेला वाटतं," एवढेच म्हणावे आणि थांबावे. कान दिल्याचा दुसराही फायदा होतो. मूल पात्रांच्या तोंडून बोलत असेल, गोष्ट पुढे सरकत असेल, तर तो खरा खेळ आहे. गप्प बसून नुसते कपडे बदलणे, भेटींचे खोके उघडणे आणि "हे घेऊन दे" चालले असेल तर ते दुकान आहे. टोका बोकात दर आठवड्याला फुकट भेट मिळते. मुले वार लक्षात ठेवतात ते त्यासाठी.

काळजी केव्हा करावी? तोच प्रसंग कित्येक आठवडे काडीचाही बदल न होता चालला, खेळून मूल हलके होण्याऐवजी जास्त बिथरले, जोडीला झोप मोडणे किंवा अंथरुण ओले करण्याची सुटलेली सवय पुन्हा सुरू झाली, तर बालरोगतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठावा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालतो.

या घरात खरी पंचाईत पैशांची निघाली. ॲप उतरवून घेणे फुकट, पण बहुतेक जागा आणि फर्निचर विकत. ॲपमधल्या दुकानापुढे मोठ्यांनीच ओलांडावा असा अडसर असतो, पण वाचता-मोजता येणारे मूल असले अडसर लवकर ओलांडते. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी मागण्याचा पर्याय आहे, तो आईने लावलाही होता. चूक कुठे झाली? टॅब उघडायला सोपा जावा म्हणून मुलीचे बोट त्यात नोंदवले होते, आणि खरेदीही बोटावरच मंजूर होत होती. मुलाचा ठसा काढा. खात्याला कार्ड किंवा यूपीआय जोडून ठेवू नका. चुकून खरेदी झालीच तर गुगलकडे परताव्याची विनंती 48 तासांच्या आत करावी.

तशीच दिसणारी नकली ॲप्स ढीगभर आहेत. मधल्या जाहिराती टाळायला सोपा उपाय म्हणजे विमान मोड लावून खेळून पाहणे. खेळ चालतो आणि मध्ये जाहिराती येत नाहीत, तर तसेच लावून द्यावे. इतर खेळाडूंशी गप्पांची सोय असलेले काहीही या वयाला नको. आणखी एक गळती यूट्यूबची: याच बाहुल्या घेऊन मोठ्या पोरांनी केलेल्या प्रेमप्रकरणांच्या 'स्टोऱ्या'. मूल खेळता खेळता प्रेक्षक कधी होते ते कळत नाही.

वेळेचे गणित: भारतीय बालरोग अकादमी 2 ते 5 वर्षांसाठी दिवसाला जास्तीत जास्त 1 तास, आणि 5 ते 10 साठी 2 तासांहून कमी सांगते. त्यात टीव्ही आणि आजीची मालिकाही धरायची.

थांबवताना मात्र नुसता गजर लावला की रडारड ठरलेली, कारण गोष्ट मध्येच तुटते. खेळाला शेवट नसल्याने तो मोठ्यांनीच गोष्टीच्या आतून आणावा लागतो. दहा मिनिटे आधी शेजारी बसावे, कोण कुठे आहे विचारावे, मग "सगळ्यांना निजवूया का?" बाहुल्या अंथरुणात, दिवे बंद. ठेवले तसेच उद्या सापडते, हे मुलाला एकदा दाखवून द्या. आठवड्याभरात या घरातली भांडणे निम्म्यावर आली, उरलेली निम्मी आजीने हाताळली. चवथीच्या दिवसांत मुलीला बाहुल्यांच्या घरात माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगतात ती फळाफुलांची चौकट, हवी होती. ॲपमध्ये ती कुठली असायला. आजीने खुर्चीच्या पायांना सुतळी बांधून सुपारी, तोरंजन, कांगलं अशी माटोळीची फळे टांगायला दिली, आणि टॅब दोन दिवस आतच राहिला.

एक गोष्ट मात्र आम्ही उशिरा सांगितली: ऐकलेला खेळ मुलासमोर हसण्यावारी न्यायचा नाही. व्हिडिओ कॉलवर आईने हसत नवऱ्याला सांगून टाकले, "तुला रोज कपाटात कोंडते हं!" मुलगी ऐकत होती. त्यानंतर तीन आठवडे ती बाबाची बाहुली आईसमोर बाहेरच काढत नव्हती.