पहिला भाग संपताना हातात काय उरायला हवं

प्रिय दोस्त,

अनेक आशीर्वाद.

पटकथा आणि खर्चाचा आराखडा, दोन्ही वाचले. भयपटाचे तीन भाग करायचे आणि पैसे जेमतेम एका भागाचे, हे जमू शकतं. पण आराखड्यात पहिला भाग संपताच सगळं विकून, परत करून, फेकून मोकळं व्हायचं ठरलंय. तसं करू नकोस. साचे, आवाज, नोंदी आणि हक्कांचे कागद हातात उरले, तरच दुसरा भाग थोडक्यात होतो.

कागद सगळ्यात कंटाळवाणे, म्हणून तेच आधी. १९६८च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’चं नाव प्रदर्शनाआधी बदललं गेलं. कॉपीराइटची ओळ जुन्या नावाच्या पाटीवर होती, ती नव्या पाटीवर घालायची राहिली. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे एवढ्यावरच सिनेमावरचा हक्क गेला आणि तो सगळ्यांचा झाला. ‘एव्हिल डेड २’च्या वेळी (१९८७) पहिल्या भागातली दृश्यं वापरायचे हक्क मिळाले नाहीत, म्हणून सुरुवातीचा मागचा गोषवारा पात्रं कमी करून नव्याने चित्रित करावा लागला. तेव्हा लेखक, संगीतकार, नट आणि मुखवटा घडवणारा, या प्रत्येकाची सही पहिल्या शॉटच्या आधी घे. करारात पुढचे भाग, चेहऱ्याचा साचा आणि न वापरलेलं चित्रण यांचा स्पष्ट उल्लेख हवा. वितरकाला फक्त हा एक सिनेमा दे, तोही ठरावीक मुदतीसाठी. पुढच्या भागांचे हक्क त्याच कागदात गुपचूप जातात, म्हणून तो करार वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको.

आता चेहरा. तुझं भूत पाचव्या पानावर समोर येतं. त्याला तिसाव्या पानापर्यंत सावलीत ठेव. स्वस्तातलं रबर दोन सेकंद भीती दाखवतं, पाचव्या सेकंदाला रबरच दिसतं.

नटाच्या चेहऱ्याचा साचा अल्जिनेटने घे, दातांचे डॉक्टर माप घ्यायला वापरतात तेच. भुवया आणि पापण्यांना व्हॅसलीन लाव, नाकपुड्या उघड्या ठेव, आणि एका माणसाने फक्त नटाच्या श्वासाकडे लक्ष द्यायचं, दुसरं काम करायचं नाही. पाणी गार असलं की अल्जिनेट सावकाश जमतं. त्यावर आधाराला प्लास्टर बँडेजचे थर. प्लास्टर थेट चेहऱ्यावर कधीही लावू नये, जमताना ते तापतं. साचा निघाला की तासाभराच्या आत त्यात प्लास्टर ओत, कारण अल्जिनेट सुकलं की आक्रसतं आणि चेहरा बदलतो.

त्या ओतीव चेहऱ्यावर मातीत भूत घडवताना मातीचं पाकीट वाच. मातीत गंधक असेल तर प्लॅटिनम सिलिकॉन (मुखवटा ओतायचं रबरासारखं द्रव्य) जमतच नाही, दुसऱ्या दिवशीही वर चिकट थर राहतो. लॅटेक्सचे हातमोजे घालून काम केलं तरी तेच होतं, म्हणून विनाइलचे वापर. चेहऱ्यावर चिकटवायचे जिलेटिनचे तुकडे स्वस्त पडतात, पण घामाने आणि दिव्यांच्या उष्णतेने वितळतात. त्यांना जवळच्या, थोड्या वेळाच्या शॉटपुरतंच ठेव. लॅटेक्स किंवा नवा गोंद लावण्याआधी नटाच्या मनगटाच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस वाट बघ.

‘हॅलोविन’चा (१९७८) मुखवटा बाजारात मिळणारा, ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या कॅप्टन कर्कचा मुखवटा होता. डोळ्यांची भोकं मोठी केली आणि पांढरा रंग दिला. १९८१च्या दुसऱ्या भागात तोच वापरला, पण तोवर तो जुना झालेला आणि आतलं डोकं दुसऱ्या माणसाचं, त्यामुळे चेहरा वेगळा दिसतो. म्हणून एकाच साच्यातून निदान दोन मुखवटे ओत. एक डोक्याच्या आकाराच्या ठोकळ्यावर, उजेडापासून दूर ठेव. घडी करून पेटीत टाकलेलं लॅटेक्स भेगाळतं. रंगाचं प्रमाण लिहून ठेव.

खोट्या रक्ताचं, हॉलिवूडचे रंगभूषाकार डिक स्मिथ यांचं मिश्रण आजही पायाभूत मानतात: साधारण १ लिटर कॉर्न सिरपला ६० मिलि खाण्याचा लाल रंग आणि ५ छोटे चमचे पिवळा. रंगांची तीव्रता कंपनीगणिक बदलते, तेव्हा निम्म्यापासून सुरू कर. मूळ कृतीत फिल्म धुताना वापरायचं रसायनही आहे. त्यामुळे रक्त कापडात मुरतं, नुसतं ओघळून जात नाही. पण ते विषारी. तोंडात जाणाऱ्या रक्तात फक्त सिरप, खाण्याचा रंग आणि अपारदर्शकपणासाठी चिमूटभर कोको. दोन्ही बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत लिही. पातळ थर पांढऱ्या कापडावर गुलाबी दिसतो, म्हणून त्याच कपड्यावर, त्याच दिव्याखाली, त्याच कॅमेऱ्यातून आधी चाचणी घे. रक्त लागणाऱ्या प्रत्येक कपड्याच्या चार प्रती हव्यात.

रात्रीचे प्रसंग टिपताना नवखे दिवे घालवतात आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, वाढवतात. मग काळ्या भागात दाणे नाचतात आणि मोबाइलवर त्याचे चौकोन होतात. उलट कर. एक मोठा दिवा उंचावर, पात्रांच्या पाठीमागे. जमीन ओली, हवेत हलका धूर. योग्य उजेडात टिप आणि नंतर रंगसंस्कारात (कलर ग्रेडिंगमध्ये) अंधार कर. ओल्या जमिनीवर वीज आली, म्हणजे जोडण्या उंच टांगलेल्या आणि गळती ओळखून बंद होणारा स्विच हवाच.

धावत्या कॅमेऱ्यासाठी महागडं यंत्र नको. ‘एव्हिल डेड’मध्ये (१९८१) लाकडी फळीच्या मधोमध कॅमेरा बसवून दोघं दोन टोकं धरून पळायचे. रुंद भिंगात हिसके कमी जाणवतात, वेग मात्र वाढलेला दिसतो.

वाचलेला पैसा आवाजात घाल. संवादाची शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेव आणि तोच आवाज दुसऱ्या ट्रॅकवर आणखी १२ने खाली घे, म्हणजे किंकाळी फाटणार नाही. किंकाळ्या दिवसाच्या शेवटी घे, नाहीतर नटाचा आवाज बसतो आणि उरलेले संवाद वाया जातात. हाड मोडल्याचा आवाज काढायला सेलरीचे (परदेशी भाजीचे) दांडे ओल्या फडक्यात गुंडाळून पिळ. भुताच्या आवाजाचे मूळ ट्रॅक वेगळे जप, कोणती प्रक्रिया केली त्याच्या नोंदीसह. दुसऱ्या भागात प्रेक्षक त्याला चेहऱ्याआधी आवाजावरून ओळखणार आहेत.

शेवटच्या दिवशी चित्रीकरणाचं घर सोडण्याआधी प्रत्येक खोलीचे चारही कोपऱ्यांतून फोटो, दारं-खिडक्यांची मापं आणि भिंतीच्या रंगाचा नमुना घे. मग सगळ्यांना गप्प उभं करून खोलीगणिक एक मिनिट शांतता ध्वनिमुद्रित कर, संकलनात संवादांखाली घालायला. त्यासाठी फ्रिज बंद करावा लागेल. बंद करतानाच गाडीची किल्ली त्यात ठेव, म्हणजे निघताना तो पुन्हा सुरू करायचा राहणार नाही.