हापशीची साखळी

प्रिय बाळा,

तुझा निरोप मिळाला. रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर दांडे, चाकं, कॅम (फिरताना दुसऱ्या भागाला उचलणारं वेडंवाकडं चाक) यांची हलती चित्रं बघतोस म्हणून घरचे रागावतात. मी नाही रागावणार. तुझ्या वयात जिनिंगमध्ये गेलो की रेच्याच्या, म्हणजे सरकी काढायच्या यंत्राच्या, हलत्या पातीसमोरून माझा पाय निघत नसे.

पण चित्रातली पिन कधी झिजत नाही. म्हणून आता गावातल्या हापशीकडे जा. पंप दुरुस्तीवाला आला की त्याला पुढचं झाकण उघडायला सांग आणि आत बघ. दांड्याच्या टोकाला पाव चाकाएवढी लोखंडी कमान आहे, तिच्यावर साखळी बसलीय आणि साखळीला सळई लटकलीय. दांड्याचं टोक गोलाईत फिरतं, सळईच्या खालच्या टोकाचा दट्ट्या मात्र बोअरमध्ये सरळ वर-खाली जायला हवा. साखळी कमानीवरून गुंडाळली-उलगडली जाते आणि दर वेळी त्याच एका जागेवरून सरळ खाली लोंबते. सळईला तिरका ओढा बसतच नाही.

उमेदवारीत मी बिडाच्या जुन्या हापशा दुरुस्त करायचो. त्यांत साखळी नव्हती, दांडा आणि सळई पिनेनं जोडलेली. सळई दर हापश्याला तिरकी ओढली जायची, भोक लांबट व्हायचं. मी भोक मोठं करून जाड पिन ठोकायचो. थोड्या दिवसांत पुन्हा खडखड, आणि ऐन वैशाखात बाया पुन्हा दूरच्या विहिरीवर. दोष पिनेत नव्हता, हालचालीच्या मांडणीत होता. हे मला फार उशिरा कळलं, त्याचं अजून वाईट वाटतं.

आजची हापशी, इंडिया मार्क दोन, १९७० च्या दशकात तयार झाली. तिच्याआधी जालन्यात आणि मग सोलापुरात पंप सुधारत गेले होते, म्हणजे हे आपल्याच मुलखातलं काम. कमान-साखळीची युक्ती मात्र त्याहून कितीतरी जुनी. इंग्लंडच्या थॉमस न्यूकोमेननं १७१२ मध्ये केलेल्या वाफेच्या इंजिनातही तुळईच्या टोकाला अशीच कमान आणि साखळी होती.

साखळीची एक अडचण आहे : ती ओढते, ढकलत नाही. हापशीत त्यानं बिघडत नाही, कारण सळया स्वतःच्या वजनानं खाली जातात. (बोअर उथळ असली की वजन कमी पडतं आणि साखळी दुमडते, हे ध्यानात ठेव.) वाफेचं इंजिन सुधारणाऱ्या जेम्स वॉटचं नवं इंजिन दोन्ही बाजूंनी, ओढून आणि ढकलूनही, जोर लावायचं, तिथं साखळी कुचकामी. मग त्यानं १७८४ मध्ये नुसत्या दांड्यांची अशी जोडणी शोधली की एक बिंदू जवळजवळ सरळ रेषेत चालतो. आपल्या सगळ्या शोधांत त्याला याचाच अभिमान जास्त होता. मला तो माणूस त्यासाठीच आवडतो.

हे करून बघ. पुठ्ठ्याच्या दोन सारख्या लांब पट्ट्या घे, समोरासमोर एकेक टोक टाचणीनं लाकडी फळीवर रोव, मोकळी टोकं आखूड पट्टीनं जोड. आखूड पट्टीच्या बरोबर मध्ये पेन्सिल घाल आणि फिरव. इंग्रजी आठासारखी आकृती येईल, तिचा मधला भाग जवळपास सरळ. अगदी काटेकोर सरळ रेषा काढणारी जोडणी पोसेलिये या फ्रेंच अभियंत्याला १८६४ मध्ये सापडली. तिला सात पट्ट्या लागतात, ती नंतर कर.

दिवाळीत आलास की पुठ्ठा घेऊन ये. ग्रीसचा डबा माझ्याकडे आहे. आपल्या वस्तीच्या हापशीची साखळी कोरडी पडलीय, आवाजावरूनच कळतं.

तुझा,
काका